वाघाच्या मावशीचा शिधा

पशुवैद्यकाच्या सरकारी नोकरीत माझी जी तीस-एकतीस वर्षे गेली त्यांतील बहुतेक पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत गेली, आणि त्या साऱ्या काळाचे दप्तर आज मनाशी उलगडून बसलो म्हणजे पानोपानी नोंद आढळते ती खारेपाटातल्या म्हशींची, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवरील शेळ्यांची, मृग लागण्यापूर्वी घटसर्पाची लस टोचून घेण्यासाठी बांधावर आणून उभ्या केलेल्या बैलांची. मांजराची नोंद त्यात क्वचितच सापडेल. महिन्याअखेर वरच्या कचेरीत जो तक्ता धाडावा लागे त्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांना स्वतंत्र रकाने असत आणि मांजर ‘इतर’ या शेवटच्या अरुंद रकान्यात जाई. असे असूनही सेवानिवृत्तीनंतर ज्या एका प्रसंगाकडे मन पुनःपुन्हा वळते तो त्याच रकान्यातला आहे. आणि त्या प्रसंगी मी जो एकच शब्द उच्चारला त्याची अंशतः भरपाई व्हावी, म्हणून हा लेख लिहीत आहे. तो शब्द होता ‘चालेल’.

पेणला रुजू होऊन मला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. गणपतीच्या कारखान्यांतून शाडूच्या ओल्या मातीचा वास आळीआळीत भरून राहिला होता, आणि मी दवाखान्यात लसीकरणाच्या नोंदवहीत मान घालून बसलो होतो. अशा वेळी शाळेत गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या एक बाई कापडी पिशवीत जुन्या लुगड्याच्या घडीवर दोन महिन्यांचे पिल्लू निजवून घेऊन आल्या. पिल्लाला दुखणे काही नव्हते. बाईंना एवढेच विचारायचे होते : ‘‘डॉक्टर, हिला दूधभात चालेल ना? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.’’ मी मान वर न करता म्हणालो, ‘‘चालेल की, बाई. मांजरं दूधभातावरच तर वाढतात.’’ बाई समाधानाने घरी परतल्या, आणि मी पुन्हा बैलांच्या संख्येची बेरीज करू लागलो.

पिल्लाचे नाव बाईंनी मनी ठेवले. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या भयाने त्या तिला घराबाहेर पडू देत नसत. पडवीला जाळी बसवली होती, आणि दोन वेळा ताज्या दुधात कालवलेला मऊ भात, क्वचित त्यावर साजूक तुपाची धार, असे तिचे लाड चालत. पहिल्या काही महिन्यांत पोट वरचेवर बिघडे, ते मी औषधाने थांबवी. त्यापलीकडे मनीचे सर्व यथास्थित चालले आहे असेच बाईंना, आणि मलाही, वाटत होते. दीड वर्षानंतर एका संध्याकाळी बाई तिला पुन्हा घेऊन आल्या. मनी उंबऱ्याला अडखळू लागली होती. समोर ठेवलेली वाटी तिला वासाने शोधावी लागत होती. आणि दिव्याच्या उजेडातही तिच्या डोळ्यांतील बाहुल्या अमावास्येच्या रात्री असाव्यात तशा विस्फारलेल्या होत्या. मी तिला मुंबईला पाठवले. तिकडून उत्तर आले ते असे, की दोन्ही डोळ्यांचे नेत्रपटल झिजून गेले आहे, कारण आहारातील न्यूनता हे आहे, आणि गेलेली दृष्टी परत येणार नाही.

त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो, आणि जे वाचले त्याने अधिकच खजील झालो; कारण त्यात नवे असे काहीच नव्हते. टॉरिन नावाचे एक अमिनो आम्ल आहे. गाय, कुत्रा, माणूस यांचे शरीर ते स्वतः पुरेसे घडवू शकते. मांजराच्या शरीराला ती शक्ती अत्यल्प आहे, म्हणून ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते, आणि नैसर्गिक अन्नात ते पुरेसे मिळते ते मांस-मासळीतूनच. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले होते की, केसीन या दुधातील प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांच्या रक्तातील टॉरिन घटते आणि त्यांच्या नेत्रपटलाचा ऱ्हास होतो. १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी त्यापुढे जाऊन सिद्ध केले की, त्याच अभावाने मांजराचे हृदय फुगून दुर्बळ होते, आणि विशेष म्हणजे काही कारखान्यांत तयार झालेल्या खाद्यावर पोसलेल्या मांजरांतही तो अभाव होता. त्यानंतर खाद्यांतील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. हे सर्व ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध असता मी बाईंना ‘चालेल’ म्हणालो होतो.

परंतु एक प्रश्न मला अनेक दिवस छळत राहिला. माझ्या आजोळी मांजरे होती. आजी त्यांना रोज दूधभातच घालीत असे. आणि ती मांजरे धष्टपुष्ट होती, बारा-बारा वर्षे जगत होती. मग शास्त्र खोटे की आजीचा अनुभव? पुढे फिरतीवर असताना, वाशी-वढावच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी भाताच्या कणगीशेजारी बसलो असता, त्यांच्या मांजरीने पेंढ्यातून एक उंदीर धरून आणला आणि तो डोक्यापासून शेपटीपर्यंत, हाडे-आतड्यांसह संपवला. आणि त्या क्षणी माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. आजीच्या मांजरांना पोशीत होते ते उंदीर, पाली, चिमण्या, नाकतोडे. दूधभात हा केवळ आजीच्या मायेचा हप्ता होता. श्रेय दूधभाताला मिळत होते आणि काम उंदीर करीत होता. बाईंच्या जाळीबंद घरात माया पूर्वीइतकीच होती. उंदीर मात्र नव्हता.

मांजरीला आपण वाघाची मावशी म्हणतो. नाते इतके स्पष्ट सांगणारी भाषा बोलूनही त्या नात्यातून निघणारा साधा निष्कर्ष आपण काढीत नाही. वाघाला कोणी दूधभात वाढणार नाही. मावशीला मात्र आपण तो वाढतो, आणि ती खाते म्हणून तिला तो मानवतो असे धरून चालतो. वास्तविक मांजराची देहरचना आदिपासून अंतापर्यंत मांसभक्षी प्राण्याची आहे. गाजरातल्या रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवण्याची युक्ती तिच्या देहाला अवगत नाही. ते तयार स्वरूपात, यकृतासारख्या प्राणिज पदार्थातून यावे लागते. अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल नावाचा आवश्यक स्निग्धांश तिला वनस्पतिज तेलातून मिळत नाही. गोड चव ओळखणारी यंत्रणाही तिच्या जिभेवर निकामी आहे. तेव्हा शिऱ्याचा घास मांजर आवडीने खाते असे ज्यांना वाटते त्यांनी जाणावे की ते शिऱ्यातले तूप खात असते. आणि तिचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले असल्याने तिला तहान मुळातच कमी. पाणी तिने भक्ष्यातून घ्यावे अशी निसर्गाची तजवीज आहे. उंदराच्या शरीरात सुमारे दोन-तृतीयांश पाणी असते आणि उरलेल्या शुष्क भागात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. हे प्रमाण मी तेव्हापासून मनाशी मापदंडासारखे जपले. पिल्लासाठी कोणी कोणतेही अन्न सुचवले की मी स्वतःस विचारू लागलो : हे उंदराची जागा घेऊ शकेल काय?

पुढे माझी बदली रोह्याला झाली, आणि तेथे हा मापदंड दोन वेळा कसास लागला. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या एका मासळी विकणाऱ्या ताईंनी तीन महिन्यांचे पिल्लू आणले. ते चालताना झोकांड्या खात होते आणि त्याची मान छातीकडे वाकून गेली होती. पिल्लाच्या पुढ्यात रोज मासळीची कच्ची डोकी आणि आतडी पडत, दुसरे काहीच नाही. काही जातींच्या कच्च्या मासळीत, विशेषतः तिच्या आतड्यांत, थायमिनेज नावाचे विकर असते. ते अन्नातील ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करते, आणि त्या जीवनसत्त्वावाचून मेंदूचे व्यवहार कोलमडतात. शिजवल्याने ते विकर नष्ट होते. मी ‘ब-१’ची सुई दिली, दुसऱ्या दिवशी पिल्लाने मान उचलली. ताईंना मी हात जोडून सांगितले की, मासळी द्यायची तर उकडून, काटे काढून, मीठ-मसाल्याविना आणि तोंडीलावण्यापुरतीच द्यावी. ‘‘एवढंच ना, डॉक्टर? मग आधीच सांगितलं असतंत तर!’’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या त्या साध्या वाक्याने मला पेणच्या बाईंची पुन्हा आठवण झाली.

दुसरा अनुभव धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गृहस्थांचा. ते रसायनशाळेत काम करणारे, शिस्तीचे. पिल्लाला उत्तमात उत्तम द्यावे म्हणून रोज हाडे काढलेले कोंबडीचे मांस उकडून तोलून घालीत. चार महिन्यांचे ते पिल्लू खाटेवरून उडी मारताना मागचा पाय मोडून बसले. क्ष-किरण चित्रात त्याची सगळीच हाडे कागदासारखी पातळ दिसली. निव्वळ मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असते, तर वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळजवळ समप्रमाणात लागतात; ही तूट शरीर हाडांतून कॅल्शियम काढून भरून काढते. उंदीर खाणारे मांजर हाडांसकट खाते. या गृहस्थांनी पिल्लाला अर्धाच उंदीर दिला होता. दूधभात देणाऱ्या बाई, कच्ची मासळी देणाऱ्या ताई आणि मांस तोलून देणारे हे गृहस्थ या तिघांच्याही मायेत उणेपणा नव्हता. तिघांनीही पिल्लाला आपल्या घरात जे सर्वोत्तम होते ते दिले. परंतु पिल्लाच्या देहाचा हिशेब घराच्या हिशेबाहून निराळा होता.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी पुन्हा पेणला आलो. भाद्रपदातले दिवस होते, मूर्ती केव्हाच गावोगाव रवाना झाल्या होत्या, कारखाने रिकामे आणि गाव शांत होते. दवाखान्याच्या पायरीवर बाई उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. हातात तशीच कापडी पिशवी होती आणि पिशवीत दोन महिन्यांचे, पाऊण किलो वजनाचे करड्या रंगाचे पिल्लू. अंध मनीला त्यांनी अकरा वर्षे डोळ्यांत तेल घालून सांभाळले होते. हे नवे पिल्लू गौराईच्या आवाहनाच्या दिवशी परसात सापडले, म्हणून त्याचे नाव गौरी. बाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, या वेळी चालेल का असं नाही विचारत. हिला काय पुरेल ते सांगा.’’ मी नोंदवही मिटली.

प्रथम मी माझ्या त्या जुन्या उत्तराबद्दल त्यांची क्षमा मागितली. मग घरातील सोवळ्याचा प्रश्न आला, आणि तो बाईंनीच सोडवला. आपल्या भागात काही घरांतून गौरीला पुरणाचा नैवेद्य असतो तर काही घरांतून तिखटाचा, सामिष. ज्या घरची गौरी तिला त्या घरचे ताट, त्यात कोणी उणेअधिक मानीत नाही. ‘‘मग हिचं ताट हिच्या कुळाचं,’’ असे म्हणून त्यांनी पडवीत एक निराळी स्टीलची वाटी आणि चमचा नेमून दिला. मांस घरात शिजवण्याची गरज नव्हती. तोवर पेणच्या बाजारातही मांजराच्या खाद्याची पाकिटे मिळू लागली होती. दुकानदार ज्यांना ‘ड्राय फूड’ आणि ‘वेट फूड’ म्हणतात, त्या सुक्या दाण्यांचे आणि ओल्या खाद्याचे दोन-तीन नमुने मी मागवून घेतले, आणि आम्ही दोघे दवाखान्याच्या बाकावर चष्मे सावरून पाकिटांची मागली बाजू वाचू लागलो.

सर्वांत आधी पाहायचे ते दोन शब्दप्रयोग. पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, म्हणजे संपूर्ण व संतुलित, असा स्पष्ट उल्लेख हवा, आणि ते ‘किटन’साठी, वाढीच्या वयासाठी किंवा सर्व वयांसाठी आहे असे लिहिलेले हवे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिलेले खाद्य कितीही आकर्षक असले तरी ते तोंडीलावणे होय. दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे ते जाऊ नये. प्रौढ मांजराचे खाद्य पिल्लाला पुरत नाही. अमेरिकेतील खाद्यनियंत्रक अधिकाऱ्यांच्या ‘आफ्को’ या संस्थेने घालून दिलेली किमान मर्यादा अशी की, पाणी वगळून उरलेल्या शुष्क भागात पिल्लासाठी किमान ३० टक्के प्रथिने आणि ९ टक्के स्निग्धांश असावा. प्रौढासाठी प्रथिनांची हीच मर्यादा २६ टक्के आहे. टॉरिन सुक्या दाण्यांत किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के असावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तीत पहिली नावे कोंबडी, मासे, यकृत अशा प्राणिज पदार्थांची असावीत, मक्याची वा तांदळाची नव्हे.

येथे बाईंना एक शंका आली. सुक्या पाकिटावर प्रथिने ३२ टक्के होती आणि ओल्या पाकिटावर अवघी ९ टक्के. मग ओले खाद्य निकृष्ट नव्हे काय? मी म्हणालो, ‘‘बाई, हे तुमच्याच विषयातलं आहे. आधी पाणी वजा करा.’’ त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर त्रैराशिक मांडले. ओल्या खाद्यात ८२ टक्के पाणी. शुष्क भाग उरला १८. त्यात ९ प्रथिने, म्हणजे शेकडा ५०. सुक्यात पाणी १० टक्के. शुष्क भाग ९०. त्यात ३२, म्हणजे शेकडा साडेपस्तीस. ज्याला त्या निकृष्ट समजत होत्या तेच उंदराच्या अधिक जवळचे ठरले. उत्तराखाली त्यांनी शाळेत मारीत तशी दुहेरी रेघ मारली, आणि कित्येक वर्षांनंतर मी त्यांना मनापासून हसताना पाहिले.

मग ओले द्यावे की सुके? या प्रश्नाचे उत्तर कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघराला नवे नाही. आपल्याकडे ओली मासळी रोजची आणि सुकी बेगमीची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुकट-बोंबील घर सावरतात, म्हणून कोणी वर्षभर केवळ सुकट खात नाही. पाळीव प्राण्यांच्या तयार खाद्याची कथाही अशीच आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट याने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली. पुढे अमेरिकेत डबाबंद ओल्या खाद्याचा प्रसार झाला. आणि दुसऱ्या महायुद्धात पत्र्याचा तुटवडा पडला तेव्हा सुक्या खाद्याला बरकत आली. सुके खाद्य स्वस्त, टिकाऊ आणि मोजायला सोपे, परंतु त्यात पाणी दहा टक्के किंवा त्याहून कमी; ओल्यात ते पंचाहत्तर ते ब्याऐंशी टक्के. केवळ सुक्यावर वाढलेले मांजर वरून प्यायलेल्या पाण्याने ही तूट क्वचितच पुरी भरून काढते, आणि बोक्यांत मूत्रमार्ग अडण्याचा विकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की, पाण्याला मी आहाराचा पहिला घटक मानतो. दाणे चावल्याने दात आपोआप स्वच्छ राहतात हीही समजूतच आहे. उलट केवळ ओल्याचा खर्च सर्वांना झेपत नाही. तेव्हा दोन्ही द्यावे. आणि पिल्लूपणीच द्यावे हे महत्त्वाचे, कारण खाद्याचा पोत आणि वास यांची ओळख मांजराला बालपणी होते, आणि ज्याने तेव्हा एकच प्रकार खाल्ला ते मोठेपणी दुसऱ्याला सहसा तोंड लावीत नाही.

प्रमाणाचा हिशेबही बाईंनीच केला. या वयाच्या पिल्लाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. गौरी पाऊण किलोची, म्हणजे तिला १५०. ओल्या खाद्याच्या एका लहान पाऊचमध्ये सुमारे ७० ते ७५, आणि २० ग्रॅम सुक्या दाण्यांत तितक्याच. म्हणजे दिवसाचा शिधा एक पाऊच आणि २० ग्रॅम दाणे, चार वेळांत विभागून. कारण पिल्लाचे पोट लहान आणि भूक मोठी. चार महिन्यांनंतर तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा दिले तरी पुरते. वजनाप्रमाणे शिधा वाढवीत न्यायचा. दर रविवारी वजन करायचे. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास भर पडत राहिली तर निवड योग्य, आणि एखादा आठवडा वजन स्थिर राहिले किंवा घटले तर विलंब न लावता दवाखाना गाठायचा. इतक्या लहान पिल्लाने अर्धा दिवस अन्नाला तोंड लावले नाही तरी ती गोष्ट गंभीर समजावी. जंतांचे औषध आणि लस यांच्या तारखाही बाईंनी त्याच कागदावर उतरून घेतल्या, कारण पोटात जंत असता उत्तम शिधाही जंतांच्याच मुखी पडतो.

एक ताकीद मी विशेष दिली : गौरीला पहिले चार दिवस परसात जे काही मिळत होते ते एकदम बंद करू नये. नवे खाद्य पहिल्या दोन दिवसांत चौथा हिस्सा, मग अर्धे, मग पाऊण, असे सात ते दहा दिवसांत पूर्ण करावे. एकदम पालट केला तर हगवण लागते आणि दोष निष्कारण खाद्याच्या माथी येतो. ओले खाद्य फ्रीजमधून काढून तसेच वाढू नये. वाटी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतके करावे, म्हणजे वास सुटतो आणि पिल्लू आपण होऊन येते. तासाभरात न संपलेले उचलून टाकावे, फोडलेले पाऊच झाकून फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे, आणि वीज बराच वेळ गेली असेल तर त्याचा मोह धरू नये. सुके दाणे पोत्यातून सुटे तोलून कधी घेऊ नयेत. आपल्या आषाढातल्या दमट हवेला सुट्या दाण्यांत बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. लहान पाकीट घ्यावे, तारीख पाहावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ते पाकिटासकट ठेवावे. मुंग्या लागू नयेत म्हणून आपण खोबऱ्याच्या वड्यांचे ताट जसे पाण्याच्या परातीत ठेवतो तशीच खाद्याची वाटी ठेवावी. पिण्याच्या पाण्याची वाटी मात्र अन्नापासून दूर, निराळ्या कोपऱ्यात असावी. आणि कांदा-लसूण घातलेला कोणताही पदार्थ, मग तो रश्शाचा थेंब का असेना, पिल्लाला देऊ नये. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

पुष्कळ वाचक म्हणतील की, हा सारा खर्च बाईंसारख्या निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना झेपला, हातावर पोट असणाऱ्यांनी काय करावे? रोह्याच्या त्या ताईंनी पुढे दुसरे पिल्लू पाळले तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडला होता. आम्ही असे ठरवले की, मुख्य शिधा पिल्लासाठीच्या संपूर्ण सुक्या दाण्यांचा असावा, त्यातील निम्मे दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून द्यावेत म्हणजे पाणीही पोटात जाते, आणि एक लहान घास उकडलेल्या, काटे काढलेल्या मासळीचा. पाऊच आठवड्यातून दोनदा, ओल्याची ओळख राहावी एवढ्यासाठी. भिजवलेले उरले तर तेही ठेवायचे नाही. या व्यवस्थेने ते पिल्लू चांगले वाढले. निव्वळ घरच्या अन्नावर पिल्लू वाढवणे अशक्य नाही. परंतु त्यासाठी कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वे यांची भर पशुवैद्यकाकडून तोलून-मापून घ्यावी लागते, आणि हे काम अंदाजपंचे करण्याचे नव्हे.

बाईंनी गौरीसाठी शाळेच्या जुन्या कोऱ्या हजेरीपुस्तकात नोंदी ठेवायला सुरुवात केली : रविवारचे वजन, वाढलेले खाद्य, उरलेले खाद्य, शौचाचा प्रकार, प्यायलेले पाणी. त्या हजेरीपुस्तकात मी पहिल्या वर्षीचे बावन्न रविवार पाहिले आहेत. एकही कोरा नव्हता. दीड वर्षाची झाल्यावर, म्हणजे ज्या वयात मनीची दृष्टी गेली त्या वयात, त्यांनी गौरीला माझ्याकडे आणले आणि दिवा तिच्या डोळ्यांसमोर धरायला सांगितले. दोन्ही बाहुल्या तत्काळ रेघेसारख्या आकुंचित झाल्या. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुस्तकात त्या दिवसापुढे शिक्षिकेच्या सवयीने लाल शाईत बरोबरची खूण केली.

ज्यांच्या घरी आज नवे पिल्लू आले असेल त्यांना माझी विनंती एवढीच आहे. पिल्लू काय खाते याने फसू नका, कारण भुकेले पिल्लू पुष्कळ काही खाते. आणि अनेक महिने त्याचे ‘चालले आहे’ याने तर मुळीच फसू नका, कारण अशा अन्नातील तूट आतल्या आत साचत जाते आणि ती उघडी पडते तेव्हा बहुधा भरून निघण्याजोगी राहिलेली नसते. दूधभात वाढणारी आजी खरी होती, तिची मायाही खरी होती. फक्त तिच्या कणगीमागचा उंदीर तुमच्या घरात नाही, आणि ती उणीव वाटीतूनच भरून काढावयाची आहे. पाकिटाची मागली बाजू वाचा, पाणी वजा करून प्रथिने मोजा, ओले आणि सुके दोन्हींची ओळख करून द्या, दर आठवड्याला वजन घ्या. दवाखान्यात जाल तेव्हा ‘चालेल ना?’ असे विचारू नका, ‘पुरेल ना?’ असे विचारा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी त्या प्रश्नाचे उत्तर हातातले दप्तर बाजूला सारून, मान वर करून, पिल्लाकडे पाहून द्यावे.